सणाच्या हंगामात हातकामाच्या ऑर्डरी एकटीने कशा पुऱ्या करायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही घरून क्रोशाची खेळणी विणून विकता, सगळं काम एकटीच करता. शेवटचं पार्सल निघायला तीन आठवडे उरलेत आणि हातात 26 ऑर्डरी आहेत. आठवड्याचे सहा दिवस रोज पाच तास मिळतात. एका खेळण्याला तीन तास लागतात, म्हणजे कागदावर सगळं बसतंय, तरीही गेल्या वर्षीसारख्या रात्री जागाव्या लागतील अशी धास्ती वाटतेय. आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, उजवं मनगट दुखतंय असंही लिहिलंय.

मी चाकावर मातीचे मग घडवते. तुमचं काम सुईचं, माझं भट्टीचं, पण हंगामाचा धसका दोघींचा सारखाच. आधी एक करा: नवीन ऑर्डर घेणं आत्ताच थांबवा. पुढचं वाचण्याआधी तेवढा एक निरोप टाकून या.

आता तुमचा हिशेब. तीन आठवडे, आठवड्याला सहा दिवस, दिवसाला पाच तास, म्हणजे 90 तास. 26 खेळणी गुणिले तीन तास म्हणजे 78. बारा तास शिल्लक. तुम्हाला धास्ती वाटतेय ती उगाच नाही, कारण हा तीन तासांचा आकडा खरा नाही. तो फक्त विणण्याचा आहे, तोही हात चालत असतो आणि कोणी हाक मारत नाही त्या दिवसाचा. त्यात कापूस भरणं नाही, हातपाय शिवून जोडणं नाही, डोळा किंचित वाकडा बसला म्हणून उसवणं नाही. गिऱ्हाइकाला दोन रंगांचे फोटो पाठवून उत्तराची वाट बघणं नाही, खोका शोधणं, पत्ता लिहिणं, कुरिअरच्या माणसासाठी थांबणं नाही. पुढच्या तीन खेळण्यांना घड्याळ लावा आणि लोकर हातात घेतल्यापासून पार्सल दाराबाहेर जाईपर्यंतचा वेळ लिहा. माझा अंदाज आहे, चार तासांच्या खाली येणार नाही.

यात तुमचं काही चुकलंय असं समजू नका, माणसाचा अंदाज असाच चालतो. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं 33.9 दिवस. मग विचारलं, सगळं बिघडत गेलं तर? तेव्हा 48.6. प्रत्यक्षात सरासरी 55.5 दिवस लागले. आपण वाईटात वाईट धरून सांगतो तोही आकडा अपुरा पडतो. म्हणून अंदाजावर जाऊ नका, गेल्या वर्षी खरोखर किती पार्सलं आठवड्याला बाहेर पडली ते कुरिअरच्या पावत्यांवरून मोजा. पावती तुमचं मन राखत नाही.

चार तास धरले तर 26 खेळण्यांना 104 तास लागतात आणि तुमच्याकडे 90 आहेत. तेही सगळे वापरायचे नाहीत. मी एक पंचमांश वेळ मोकळा ठेवते आणि याबाबतीत कुणाचं ऐकत नाही. कारण सांगते. रांगांचा एक साधा हिशेब आहे: काम करणारं माणूस एकच, कामं हवी तेव्हा येतात आणि प्रत्येकाला कमी-जास्त वेळ लागतो. अशा वेळी त्या माणसाचा 80 टक्के वेळ भरलेला असेल, तर नव्या कामाला सरासरी एका कामाच्या चौपट वेळ रांगेत थांबावं लागतं. 90 टक्के भरला की नऊ पट आणि 95 टक्के भरला की एकोणीस पट. शेवटचे पंधरा टक्के भरले म्हणून काम थोडंसंच जास्त होतं, पण तुंबतं ते कित्येक पटींनी. एक दिवस ताप आला, एक लोकरीचा गुंडा संपला, एका गिऱ्हाइकाने रंग बदलला, की अख्खी रांग मागे सरकते. मोकळा वेळ म्हणजे आळस नाही, तो या सगळ्यासाठी राखलेला असतो.

म्हणजे 90 तासांतले 72 कामाचे. त्यात 18 खेळणी बसतात, आठवड्याला सहा. हातात 26 आहेत, म्हणजे आठ जास्त. तुमची अडचण आता आठ ऑर्डरींची आहे आणि आठ ऑर्डरींचं काही करता येतं.

दुसऱ्या बाजूने मोजलं तरी तेच येतं: हातातल्या ऑर्डरींना आठवड्याला बाहेर पडणाऱ्या ऑर्डरींनी भागा. 26 भागिले 6, म्हणजे चार आठवड्यांहून थोडं जास्त. जॉन लिटल यांनी हा संबंध 1961 मध्ये गणिताने सिद्ध केला आणि तो कारखान्यापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे लागू पडतो. "कधी मिळेल?" असं कोणी विचारलं की मी हा भागाकार करते आणि त्यावर एक आठवडा वाढवून सांगते.

मग त्या आठांचं काय? गिऱ्हाइकाला आज कळवलेला उशीर आणि सणाच्या आदल्या दिवशी कळलेला उशीर, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आज कळलं तर त्याच्याकडे दुसरी भेट शोधायला तीन आठवडे असतात. सगळ्यात उशिरा आलेल्या आठ-दहा जणांना आज एकेकटा निरोप पाठवा, सगळ्यांना मिळून एकच नको. मी साधारण असं लिहिते: "तुमचं खेळणं घाईत विणून देण्याची माझी इच्छा नाही. सणानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात ते नक्की निघेल. सणाच्या दिवशी हातात द्यायला मी त्याच्या चित्राचं, मुलाचं नाव लिहिलेलं कार्ड आत्ता पाठवते. हे चालणार नसेल तर पूर्ण पैसे आज परत करते." लांबलचक माफी नको, तब्येतीच्या कहाण्या नकोत. माझा अनुभव असा की बरेच जण कार्डावर राजी होतात. काहीजण पैसे परत घेतात आणि तेही ठीकच आहे. पहिल्यांदा असा निरोप पाठवताना माझा हात थरथरत होता. पाठवल्यावर त्या रात्री मी आठ तास झोपले.

झोपेचं मुद्दाम सांगते, कारण रात्र जागून भर काढता येते ही समजूत मला महागात पडली. माझ्या दुसऱ्या हंगामात मी भट्टी रात्री दोन वाजता उघडली. आकडा अजून 200 अंशांच्या वर होता. मला माहीत होतं की भट्टी 100 च्या खाली येईपर्यंत हात लावायचा नसतो, दुसऱ्याला मी स्वतः तेच सांगितलं असतं. पण सकाळी पार्सलं द्यायची होती. झाकण उचललं आणि गार हवा आत शिरली. भांड्याचा बाहेरचा भाग आतल्या भागाआधी आकसायला लागला की ताण पडतो आणि ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, तडकतं, त्याचा बारीक टिंग टिंग आवाज येतो. तो आवाज मी उभ्याने ऐकत राहिले. एकोणीस मगांना तडे गेले, दोन उभे चिरले. चार तास वाचवायला गेले आणि बारा दिवसांचं काम गेलं. डॉसन आणि रीड यांनी 1997 मध्ये दाखवून दिलं की सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते. त्या रात्री माझे सतरा तास कधीच उलटून गेले होते. तुमच्या कामात भट्टी नाही, पण रात्री दोनला मोजलेले टाके सकाळी उसवायला लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

उरलेल्या अठरा खेळण्यांकडे येते. एक खेळणं पुरं करून दुसऱ्याला हात घालू नका. सहा-सहाचा घाणा करा: सहा डोकी, मग सहा धडं, मग हातपाय, मग एका बैठकीत भरणं, एका बैठकीत जोडणी. एकाच कामात हात बसतो आणि दर वेळी रंग बदलून, सुई बदलून, टाके आठवून जो वेळ जातो तो वाचतो. पण अठराच्या अठरा एकदम घेऊ नका. तसं केलं तर दोन आठवडे घरभर नुसती डोकी पडलेली असतात, एकही पार्सल निघत नाही आणि धीर सुटतो. शिवाय मापात चूक झाली तर ती अठरा वेळा होते. मी एकदा तीस मगांना कान एका दिवसात लावले. माती जराशी जास्त वाळली होती आणि निम्म्याहून जास्त कान सांध्यापाशी सुटले. तेव्हापासून सहाच, आणि त्यातलाही एक आधी पूर्ण करून बघते.

रंगांचे पर्यायही आता बंद करा. ज्यांनी अजून रंग पक्का केलेला नाही त्यांना तीनच दाखवा आणि उत्तराला उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत द्या. लोकर अठरांना पुरेल एवढी आजच मोजा. कमी पडत असेल तर लेबलवरचा डाय लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, जुळवूनच आणा. एकाच शेडचे दोन लॉट दुकानातल्या दिव्याखाली सारखे दिसतात आणि खिडकीपाशी आणले की धडाला एक रंग, पायाला दुसरा.

मदतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात कोणी असेल तर खोके घडी करणं, पत्ते लिहिणं, कुरिअरकडे नेऊन देणं आणि "माझं पार्सल कुठे पोचलं" याची उत्तरं देणं एवढं त्यांच्याकडे सोपवा. विणायला या तीन आठवड्यांत कोणालाही शिकवायला बसू नका. शिकवण्यात तुमचा वेळ जाईल आणि त्यांचे टाके तुम्ही रात्री उसवाल. शिकवायचं ते हंगाम संपल्यावर, शांतपणे.

पुढच्या वर्षासाठी दोनच गोष्टी सांगते. पहिली, ऑर्डरी बंद करायची तारीख हंगाम सुरू व्हायच्या आधी ठरवा आणि जिथे विकता तिथे सगळ्यात वर लिहा. नाव घालून किंवा हवा तो रंग देऊन बनवायच्या वस्तूंची तारीख वेगळी, तयार मालाची वेगळी. शेवटच्या पार्सलाच्या दिवसापासून उलटं मोजत या: कुरिअर हंगामात रेंगाळतं ते दिवस, पॅकिंगचे दिवस, राखीव आठवडा, मग कामाचे आठवडे. जी तारीख येईल ती तुम्हाला फार लवकरची वाटेल. मलाही दरवर्षी वाटते, आणि दरवर्षी ती बरोबर निघते. दुसरी, मंदीच्या महिन्यांत पूर्ण खेळणी विणून ठेवण्याऐवजी भाग विणून ठेवा. कोणतं खेळणं खपेल ते आधी कळत नाही, पण तपकिरी हातपाय अस्वलाला चालतात, माकडाला चालतात आणि कुत्र्यालाही चालतात.

आणि आता मनगट. तुम्ही ते शेवटी लिहिलंत, पण माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. दुखणं अंगठ्याच्या बाजूला आहे का? अंगठा मुठीत धरून मनगट हळूच करंगळीकडे वाकवल्यावर कळ येते का? तसं असेल तर अंगठ्याकडे जाणाऱ्या स्नायूबंधांच्या आवरणाला सूज आलेली असू शकते. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द कर्व्हेन यांनी 1895 मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं आणि ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. तेच ते मनगट आणि अंगठा वापरणाऱ्या हातांमध्ये ते सर्रास दिसतं. दुखणं अंगठ्याकडे नसून पहिल्या तीन बोटांना मुंग्या येत असतील आणि रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर ते वेगळं: तिथे मनगटातून जाणारी नस दाबली जात असण्याची शक्यता असते. यातलं काय आहे ते डॉक्टरच हात बघून सांगतील. सुरुवातीला पट्टा आणि थोडी विश्रांती यावर बऱ्याचदा भागतं, दामटून काम केलं तर महिने जातात. पट्टा बाजारातून आणून स्वतःच बांधू नका आणि वेदनाशामक गोळी घेऊन विणत तर मुळीच बसू नका. गोळीने कळ दबते, सूज तिथेच असते आणि तुम्ही तिच्यावरच विणत राहता.

डॉक्टरांनी आठवडाभर सुई हातात घ्यायची नाही असं सांगितलं, तर अठराचा आकडा बाराच्या आसपास येईल. हिशेब तोच, फक्त कार्डं आठऐवजी चौदा पाठवायची. त्यामुळे आज गिऱ्हाइकांना निरोप लिहायला बसण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या. ते काय म्हणतात ते कळलं की मगच कोणाला कुठली तारीख द्यायची ते ठरवा.