ट्रक-वाहतुकीचा प्रोग्रॅमिंग गेम बनवतोय, त्यात खेळाडूंचे बॉट, म्हणजे स्वतः खेळणारे प्रोग्रॅम, एकमेकांशी भिडतात. पण दर वेळी लांब पल्ल्याचाच बॉट जिंकतो; डिझेल दुप्पट महाग केलं तरी तेच. नियम समतोल कसे करायचे? आणि प्रतिस्पर्ध्याचा रस्ता अडवू द्यावा का?

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट फार बोलकी आहे: डिझेल दुप्पट महाग केलं तरी निकाल तोच लागला. तो तसाच लागणार होता. तुमच्याकडे भाडं अंतरावर मिळतं आणि डिझेलही अंतरावर जळतं. डिझेल वाढवल्यावर नकाशावरच्या प्रत्येक घरामागची (चौकटीमागची) कमाई तेवढी घटली. कुठला मार्ग कुठल्यापेक्षा सरस, हा क्रम जागचा हलला नाही.

कागदावर मांडून बघा. ट्रक एका चालीत एक घर जातो, माल भरायला-उतरवायला मिळून ६ चाली लागतात आणि परत येताना ट्रक रिकामा असतो, असं धरू. भाडं घराला एक रुपया. ५ घरांच्या फेरीला १६ चाली, म्हणजे चालीमागे ०.३१ रुपये. ४० घरांच्या फेरीला ८६ चाली, चालीमागे ०.४७. भरण्या-उतरवण्याचा वेळ ठरावीक असल्यामुळे पल्ला जितका लांब तितका तो वेळ कमी जाचतो. जिंकणाऱ्या बॉटने काही विशेष अक्कल लढवलेली नाही, नकाशातली सगळ्यात लांबची दोन गावं शोधली आणि तो मोकळा झाला.

म्हणून या कमाईला कुठेतरी उतार लागायला हवा. समजा माल वाटेत असताना २० चालींपुढच्या प्रत्येक चालीला भाड्यातून २ टक्के कापले. ४० घरांचा ट्रक २० चाली उशिरा पोचतो, ४० टक्के भाडं जातं, आणि चालीमागची कमाई ०.२८ वर येते. म्हणजे ५ घरांच्या फेरीपेक्षाही कमी! २० घरांची फेरी मात्र ०.४३ वर तशीच राहते. आता प्रत्येक मालाची मुदत वेगळी ठेवा. दुधाला कमी, सिमेंटला भरपूर. एकाच नकाशावर दुधाचा सोयीचा पल्ला वेगळा, सिमेंटचा वेगळा.

ओपनटीटीडी हा वाहतूक-कंपनी चालवण्याचा मुक्त-स्रोत गेम नेमकं हेच करतो. त्यात २००९ च्या ०.७.० आवृत्तीपासून स्क्विरल या प्रोग्रॅमिंग भाषेत स्वतःचा एआय, म्हणजे बॉटच, लिहून दुसऱ्यांच्या एआयशी भिडवता येतो, त्यामुळे तुमच्या कामाला याहून जवळचं उदाहरण नाही. तिथे उशीर अडीच दिवसांच्या एककात मोजतात. मूळ समशीतोष्ण नकाशात कोळशाला पहिली ७ एककं माफ असतात, म्हणजे साडेसतरा दिवस. प्रवाशांना एकही दिवस माफ नाही, आणि २४ एककांनंतर, म्हणजे ६० दिवसांपुढे, कपातीचा वेग दुप्पट होतो. कितीही उशीर झाला तरी सुमारे १२ टक्के भाडं हाती पडतंच. अंतर मोजतात ते दोन स्थानकांमधलं, आडवी घरं अधिक उभी घरं. गाडी किती फिरली याला किंमत नाही. हे मात्र जसंच्या तसं उचला. प्रत्यक्ष धावलेल्या अंतरावर पैसे दिलेत तर एखादा बॉट गावाला प्रदक्षिणा घालत बसेल.

इतकं करूनही तिथे विमानं डोईजड होतात. रस्ता किंवा रूळ अंतरासोबत महाग होत जातो, विमानतळ मात्र दोनच बांधायचे, मधे काही नाही. शिवाय मार्ग शोधण्याची कटकट नाही. त्यांचा वेग मुळात इतर वाहनांच्या तुलनेत एक-चतुर्थांश धरलेला असतो, तरीही ही गत. तुमच्या गेममध्ये अशी खर्च बुडवणारी पळवाट आहे का ते आधी तपासा. टेलिपोर्ट, फेरीबोट, फुकट महामार्ग, काहीही.

आता मुख्य मुद्दा. सगळ्या खेळी सारख्याच फायद्याच्या करायच्या मागे लागू नका, ते कधी जमत नाही. एखादी खेळी सगळ्यांनी धरली की ती अंगाशी यावी, एवढं बघा. सोपा नियम: कुठल्याही गावात माल उतरला की त्या मालाचा तिथला भाव ३ टक्के पडतो आणि दर चालीला थोडाथोडा सावरतो. पहिल्या ट्रकला १००, दुसऱ्याला ९७, तिसऱ्याला ९४ च्या आसपास. चार कंपन्यांचे ट्रक एकाच गावावर तुटून पडले की कोपऱ्यातलं दुर्लक्षित गाव चांगलं वाटू लागतं. खाणीच्या बाजूलाही हे करता येतं. ओपनटीटीडीत एकाच खाणीवर दोन कंपन्यांची स्थानकं असली तर माल त्यांच्या रेटिंगनुसार वाटला जातो, आणि ते रेटिंग गाड्या वेळेवर येण्यावर, त्यांच्या वेगावर ठरतं.

यात एक खाच आहे. भाव कधीचा धरायचा, माल भरतानाचा की उतरवतानाचा? मी डोळे झाकून उतरवतानाचा म्हणेन. भरतानाच भाव पक्का झाला तर बॉटला फक्त तक्ता वाचायचा असतो. उतरवतानाचा ठेवला की ‘माझ्या आधी तिथे कोण पोचेल?’ याचा अंदाज बांधावा लागतो, आणि स्पर्धा म्हणतात ती इथे सुरू होते. नाहीतर चौघे आपापल्या कोपऱ्यात बसून गणित सोडवतात. टू सिग्मा या गुंतवणूक कंपनीच्या हॅलाइट ३ या बॉट-स्पर्धेत, जिथे जहाजं खनिज वेचतात, ही अडचण ओळखून वेगळा नियम होता: जहाजापासून ४ घरांच्या आत प्रतिस्पर्ध्यांची किमान दोन जहाजं असली की त्या जहाजाची वेचणी वाढायची. दूर पळण्यापेक्षा गर्दीच्या कडेला राहणं फायद्याचं.

पैशाकडे पैसा जातो, हा आजार वाहतुकीच्या प्रत्येक गेममध्ये असतो. पहिल्या शंभर चालींत पुढे गेलेला पुढेच राहतो. श्रीमंतावर थेट कर लावू नका, फार कृत्रिम वाटतो आणि बॉट पैसे लपवायला शिकतात. देखभालखर्च आकाराच्या मानाने जास्त वेगाने वाढवा. ओपनटीटीडीत पायाभूत सुविधांच्या देखभालीचा पर्याय चालू केला तर रुळांच्या खर्चात एकूण तुकड्यांचं वर्गमूळही गुणलं जातं. मोठं जाळं चालतं, पण गंजके फाटे सांभाळणं परवडत नाही.

गुणपद्धत शक्यतो एकच आकडा ठेवा: शेवटची रोकड. ओपनटीटीडीचं कामगिरी-रेटिंग १००० गुणांचं आहे. त्यात ४०० मालवाहतुकीचे, ५० आठ प्रकारचा माल वाहण्याचे, १०० ऐंशी स्थानकांचे. माणसांना ते ठीक आहे. बॉट मात्र आठ प्रकारांचा नैवेद्य दाखवण्यापुरते ट्रक फिरवून ते गुण खिशात घालेल.

वेळेची मर्यादा मिलिसेकंदात न देता सूचनांच्या संख्येत द्या. ओपनटीटीडीत एका टिकमध्ये (गेमच्या घड्याळाच्या एका ठोक्यात) मूळ मर्यादा १०,००० ऑपकोडची, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूलभूत सूचनांची, असते. त्यामुळे कुणाचा लॅपटॉप भारी आहे याने निकाल बदलत नाही आणि तोच सामना पुन्हा तसाच चालवता येतो. सगळ्यांच्या आज्ञा एकाच वेळी घ्या. दोघांना एकच जागा हवी असेल तर सीड (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) ठरलेली चिठ्ठी टाका. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला कायमचा फायदा नको.

जाहीर करण्याआधी तुम्हीच चार मठ्ठ बॉट लिहा: जवळचा माल उचलणारा, फक्त लांबचा, सुरुवातीला सगळे पैसे ट्रकमध्ये घालणारा, आणि दुसऱ्याच्या मागे लागणारा. रात्रभर सगळ्यांचे सगळ्यांशी सामने लावा, जागा बदलून, वेगवेगळ्या नकाशांवर. निकालांच्या तक्त्यात एक ओळ सगळीकडे हिरवी, म्हणजे जिंकलेली, दिसली तर अजून काम बाकी आहे.

रस्ता अडवण्याची मुभा द्यावी का, हेही तुम्ही विचारलंय. द्या, पण ती महाग हवी: उभा ट्रक कमावत नाही आणि दर चालीला उभं राहण्याचं भाडंही भरतो. फुकट अडवणूक मात्र बंदच करा. ओपनटीटीडीत प्रतिस्पर्ध्याच्या रस्त्यावर रूळ टाकून त्याच्या बस रेल्वेखाली घालण्याचा उद्योग चालतो, म्हणून तर दुसऱ्याच्या रस्त्यावर फाटक बांधू न देण्याची सेटिंग तिथे आली.