दोन्हीकडे निवड झाली आहे, तर

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. अग्निशमन दल आणि पोलीस, दोन्हीकडे निवड झाली, छान झालं. पण "ताण कुठे कमी?" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. दोन्हीकडे तो वेगवेगळ्या वाटेने येतो. त्यातली कुठली वाट तुला झेपेल, ते बघ.

आमच्याकडे, अग्निशमन दलात, तो घंटेबरोबर येतो. गाढ झोपेतून उठून गाडीत चढेपर्यंत छाती धडधडायला लागलेली असते, आग अजून दिसलेलीही नसते. मग अंगावर जड सूट, पाठीवर हवेचा सिलिंडर आणि समोर भट्टी. अमेरिकेतल्या अग्निशमन जवानांचा 2007 सालचा एक अभ्यास आहे. कामावर असताना हृदयविकाराने दगावलेल्यांपैकी सुमारे 32 टक्के आग विझवताना गेले. आणि प्रत्यक्ष आग विझवण्यात जवानाचा वर्षातला जेमतेम 1 ते 5 टक्के वेळ जातो! धुराची धास्ती वेगळीच. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने आमचं कामच कर्करोगकारक गटात टाकलं. काजळलेला गणवेश घरी नेऊ नकोस, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

पोलिसाचा ताण मात्र माणसांतून येतो. आग खोटं बोलत नाही, आकस धरत नाही, साक्ष फिरवत नाही. आम्ही दारात पोहोचलो की लोक वाट करून देतात. पोलीस पोहोचला की घरातल्या एकाला हायसं वाटतं आणि दुसऱ्याला धडकी भरते. बळ वापरायचं की नाही हे क्षणात ठरवायचं, आणि त्या क्षणाचा जाब पुढे कित्येक महिने द्यायचा. शरीरही सुटत नाही. 2014 च्या एका अमेरिकी अभ्यासात, झटापट करताना किंवा कुणाला आवरताना पोलिसाला अचानक हृदय बंद पडून मृत्यू येण्याचा धोका रोजच्या कामाच्या 34 ते 69 पट निघाला. आणि संशय घेण्याची सवय गणवेशाबरोबर खुंटीला टांगता येत नाही. माझे पोलीस मित्र कुठेही जेवायला बसले तरी दाराकडे तोंड करूनच बसतात.

तरी त्यांच्या तोंडी तक्रार असते ती गुन्हेगारांपेक्षा साहेबांची. ऐनवेळी रद्द झालेली रजा, अपुरी माणसं, संपता न संपणारी कागदपत्रं, मर्जीतल्यांना मिळणारी बढती. पोलिसांचा ताण मोजायच्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीचे म्हणूनच दोन स्वतंत्र भाग आहेत: एक कामातल्या प्रसंगांचा, दुसरा खात्याच्या कारभाराचा. दुसरा भाग अनेकांना जास्त पोखरतो, आणि मला त्यात नवल वाटत नाही. संकटाची तयारी करून घेतलेली असते. अन्यायाची कोण करून घेणार?

आमच्याकडेही साहेब आहेतच म्हणा. पण आमची तुकडी शिफ्टभर एकत्र राहते, जेवते, एकमेकांची टर उडवते. (आमचे विनोद बाहेरच्याने ऐकू नयेत असेच असतात.) त्या हसण्याने बरंच हलकं वाटतं. मात्र कोण नुसताच हसल्यासारखं करतोय, हे त्या गलक्यात कळत नाही.

मोठ्या दुर्घटनेनंतर सगळ्यांना एकदा गोलात बसवून बोलतं करायची पद्धत दोन्हीकडे रुळली होती. पुढच्या चाचण्यांत दिसलं की अशा एकाच बैठकीने नंतरचा मानसिक आघात टळत नाही. म्हणून "समुपदेशक आहे का?" एवढंच विचारून थांबू नकोस. घटनेनंतर दोन महिन्यांनी झोप उडाली तर कुणाकडे जायचं, ते विचार. पोलिसांकडे आणखी एक विचार: मदत मागितली तर हत्यार काढून घेऊन टेबलाच्या कामाला बसवतात का? या भीतीने तिकडची कितीतरी माणसं गप्प राहतात.

हे प्रश्न भरतीच्या कार्यालयात नको, रात्रपाळीला असलेल्या माणसांना विचार. काय म्हणाले ते मला कळव, मग पगाराचं बोलू.

तुझा,
एक जुना फायरमन