फुले दांपत्याच्या आधी मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य देणारी एखादी मिशनरी बाई आपल्याकडे होऊन गेली का?

हो, आणि तिचं नाव आपल्याला पाठ असायला हवं: सिंथिया फरार. नगरकर तिला फरारबाई म्हणतात.

जन्म १७९५, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये. १८२७च्या डिसेंबरात ती अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी मुंबईत उतरली. वय बत्तीस, लग्न झालेलं नाही. एकट्या बाईला मिशनने परदेशी धाडणं तेव्हा अपवादानेच घडे. मराठी शिकली, मुलींच्या शाळा बघू लागली. वाचन, लेखन, शिवणकाम आणि अर्थातच बायबल. धर्मप्रसार हा हेतू होताच, तो लपवण्याचं कारण नाही. पण ज्या घरांत मुलीच्या हातात पाटी दिली की ती विधवा होते असं मानत, त्याच घरांतून मुली गोळा करायच्या होत्या, हेही विसरू नये.

मध्ये काही काळ ती अमेरिकेला जाऊन आली. १८३९पासून मात्र अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, हेच तिचं गाव. तिथली तिची शाळा जोतीरावांनी पाहिली आणि ते भारावून गेले. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, त्यामागे ही भेटही होती. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतले, असं त्यांच्या चरित्रांत येतं.

१८६२च्या जानेवारीत ती नगरलाच वारली. सासर नाही, संसार नाही. चौतीस वर्षं फक्त शाळा. मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो.