सोमवारी छप्पर घालायला येणाऱ्या ठेकेदाराला रविवारच्या आत दोन ओळी लिहा

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून एका ताईंचं पत्र आहे. वडिलोपार्जित बैठं घर. कौलं, वासे, रिपा सगळं उतरवून लोखंडी ट्रसवर, म्हणजे सांगाड्यावर, रंगीत पत्रा घालायचं काम त्यांनी २०२५च्या एप्रिलमध्ये एका ठेकेदाराला दिलं. इस्टिमेट ४ लाख ६० हजारांचं, त्यातले साडेतीन लाख देऊन झालेत. ५ मेला कौलं उतरली. पुढच्या खोल्यांवर पत्रा चढायला ऑगस्टचा मध्य उजाडला. स्वयंपाकघर आणि मागची पडवी यांवर अजूनही निळी ताडपत्रीच आहे, कडेने विटा ठेवून दाबलेली. आता ठेकेदाराचा फोन आलाय : ‘सोमवारी माणसं पाठवतो, दोन दिवसांत संपवतो. उरलेले पैसे तयार ठेवा आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करून द्या.’ ताई विचारतात, छप्पर बदलायला कायद्याने किती दिवस लागायला हवेत, आणि या उशिराची भरपाई मिळेल का?

जूनपासून दिवाळीपर्यंत अशी पत्रं मला दरवर्षी येतात. कोणाचं छप्पर, कोणाच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग, कोणाची पत्र्याची शेड. ठेकेदाराने चूक केली की नाही यावर ताईंनी दोन पानं लिहिली आहेत. त्यावर मी वेळ घालवत नाही, केलीच आहे. मला काळजी सोमवारची आहे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ यातलं कलम ५५ काढा. त्यात तीन परिच्छेद आहेत आणि तुमचं सगळं प्रकरण तिसऱ्यात अडकलंय. तो असं सांगतो : ठरलेल्या वेळी काम झालं नाही, करार मोडायचा हक्क तुम्हाला मिळाला, तरी तुम्ही तो न मोडता उशिराने झालेलं काम स्वीकारलंत, तर उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई नंतर मागता येत नाही. अपवाद एकच. काम स्वीकारतानाच ‘मी भरपाई मागणार आहे’ अशी सूचना समोरच्याला दिलेली असली पाहिजे. नंतर दिलेली चालत नाही. सोमवारी माणसं आली, बुधवारी छपराच्या माथ्यावरची टोपणं बसली, तुम्ही चहा दिलात, सही केलीत आणि पुढच्या महिन्यात माझ्यासारख्याकडे नोटीस लिहायला आलात, तर ठेकेदाराचा वकील हाच परिच्छेद वाचून दाखवेल आणि तुमचा सहा महिन्यांच्या भाड्याचा हिशेब तिथेच संपू शकेल.

यावर वकिलांमध्ये वाद होऊ शकतो, हेही सांगतो. तिसरा परिच्छेद लागू होतो तो ‘वेळ हाच करारातला मुख्य मुद्दा’ असेल तेव्हा. तसं नसेल तर दुसरा परिच्छेद लागतो. मग करार मोडता येत नाही, पण भरपाई मागता येते. बांधकामाच्या करारात वेळ हा सहसा मुख्य मुद्दा मानत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७९मध्ये हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात म्हटलं आहे. मात्र कराराचे शब्द आणि परिस्थिती पाहून उलटही ठरू शकतं, हेही त्यातच आहे. तुमच्या इस्टिमेटच्या तळाशी ओळ आहे : ‘काम सुरू केल्यापासून १५ दिवसांत, पावसाळ्यापूर्वी पूर्ण करून देऊ.’ मे महिन्यात राहत्या घराचं छप्पर काढून ठेवायचं आणि वेळ महत्त्वाची नव्हती म्हणायचं, हे मला तरी कुठल्या न्यायाधीशासमोर बोलायला जड जाईल. पण ही चर्चा दोन-तीन वर्षांनी कोणीतरी करणार. ती आपल्या बाजूने फिरेल या भरवशावर कशाला राहायचं? एक स्पीड पोस्ट आणि एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज एवढ्यात दोन्ही बाजू झाकल्या जातात.

आता तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग. छपराला किती दिवस, हे कायद्यात कुठेच नाही. करारात मुदत नसेल तर कलम ४६ म्हणतं ‘वाजवी वेळ’, आणि वाजवी म्हणजे किती हे त्या त्या प्रकरणातल्या पुराव्यावर ठरतं. या प्रकारची प्रकरणं चालवताना फॅब्रिकेटरांची, म्हणजे लोखंडी काम करणाऱ्यांची, उलटतपासणी घेऊन मला जे कळलंय ते असं : सहा-सातशे फुटांच्या बैठ्या घराची कौलं आणि वासे उतरवायला एक ते दोन दिवस, अँगल कापून ट्रस उभे करायला चार-पाच, पत्रा, टोपणं आणि पन्हाळ बसवायला दोन-तीन. माल हातात असेल तर आठवडा-दहा दिवस. भिंतीचा माथा फोडून बीम भरायचा असेल तर काँक्रीट पिकायला वेळ जातो आणि पंधरा-वीस दिवस होतात. म्हणजे ठेकेदाराने स्वतः लिहिलेले १५ दिवस ढिलेच होते. तरीही दुसऱ्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून याच मापाच्या कामाचं लेखी कोटेशन आणा आणि त्यात दिवस लिहून घ्या. न्यायालयाला तुमच्या रागापेक्षा त्या कागदाचा उपयोग जास्त.

ठेकेदार म्हणेल, पाऊस लवकर आला. ते खरंच आहे. २०२५मध्ये मुंबईत मोसमी पाऊस २६ मेला दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून. पण ५ मे अधिक १५ दिवस म्हणजे २० मे, आणि २० तारीख २६च्या आधी येते, हे कोणाला पटवून द्यावं लागू नये. शिवाय कोकणपट्टीत पाऊस येणं ही काही अकल्पित आपत्ती नव्हे. ज्याने ‘पावसाळ्यापूर्वी’ असं स्वतःच्या हाताने लिहिलंय त्याने तर हा बचाव घेऊच नये.

त्याचा दुसरा बचाव त्याच ओळीतल्या कंसात आहे : ‘मटेरियल उपलब्धतेनुसार’. हे चार-दोन शब्द सगळे ठेकेदार लिहितात आणि सगळे ग्राहक न वाचता सही करतात. तुमच्या बाबतीत ते फार टिकतील असं वाटत नाही, कारण मालासाठी म्हणून २ लाख त्याने १२ एप्रिललाच घेतले होते. पण ताई, १० मेला तुम्ही फोन करून विटकरीऐवजी हिरवा पत्रा सांगितलात, हे पत्रात असं सहज लिहून गेलात! कौलं खाली उतरलेली, आकाश उघडं, आणि रंग बदलायचा? त्याने नवी ऑर्डर कधी दिली आणि माल कधी आला, ते डीलरच्या चलनावरून काढावं लागेल. तेवढे दिवस तुमच्या उशिरातून वजा होतील, हे धरून चला.

याहून मोठी चूक तुम्ही त्याला २ जुलैला पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजची आहे. ‘ठीक आहे भाऊ, गणपतीपर्यंत झालं तरी चालेल’, आणि खाली नमस्काराचे हात. तुम्ही वैतागून, भांडण नको म्हणून लिहिलंत, मला कळतं. करार अधिनियमाचं कलम ६३ मात्र त्याला मुदतवाढ म्हणू शकतं. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. तेव्हा २० मे ते २७ ऑगस्ट या काळाची भरपाई मागूच, पण ती पूर्ण मिळेल असं मी सांगणार नाही. २७ ऑगस्टनंतरच्या काळाला मात्र त्याच्याकडे उत्तर दिसत नाही. एक लाख रोखीने दिले, पावती नाही, याबद्दल काय बोलू? त्याच मेसेजांमध्ये त्याने कुठे ‘पैसे मिळाले’ असं लिहिलंय का ते शोधा. आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, नातवाच्या हातात देऊ नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३प्रमाणे या चॅटसाठी प्रमाणपत्र जोडावं लागेल, तेव्हा मूळ फोन हवा.

आता त्या दोन ओळी. भाषा सजवू नका, साधारण असं लिहा :

‘छपराचं काम २० मे २०२५पर्यंत पूर्ण व्हायला हवं होतं, ते झालेलं नाही. उरलेलं काम या सूचनेपासून दहा दिवसांत करून द्यावं. मी ते स्वीकारलं तरी उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा माझा हक्क मी सोडलेला नाही आणि ती मी मागणार आहे. दहा दिवसांत न झाल्यास दुसऱ्याकडून करून घेऊन त्याचा खर्च तुमच्याकडून वसूल करेन.’

हे रविवारच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, दोन निळ्या खुणांचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि तोच मजकूर इस्टिमेटवरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. दहा दिवसांची मुदत मुद्दाम घातली आहे. आधी वेळ मुख्य मुद्दा नव्हती असं ठरलं, तरी वाजवी मुदतीच्या अशा सूचनेने ती तशी करता येते. सोमवारी माणसं आली तर काम थांबवू नका. ताडपत्री काढण्याआधी आणि काम संपल्यावर फोटो काढा. त्याने आणलेल्या कागदावर ‘तक्रार नाही’, ‘समाधानकारक’ असे शब्द असतील तर सही नाही. फारच अडून बसला तर ‘काम अमुक तारखेला संपलं, सूचना दिल्याप्रमाणे भरपाईचा हक्क राखून’ असं स्वतःच्या हाताने लिहून मग सही करा.

तुमच्याकडे १ लाख १० हजार शिल्लक आहेत, आणि मला विचाराल तर तुमच्या हातातली सगळ्यात भक्कम वस्तू तीच आहे. ते सगळे अडवायचे की थोडे द्यायचे हे काम कसं होतं त्यावर अवलंबून. भरपाईचा आकडा लेखी कळवून तेवढी रक्कम राखून ठेवणं मला रास्त वाटतं, पण तो वसुलीचा दावा लावू शकतो, याची तयारी ठेवा. आकड्यात काय धरायचं? कळव्याच्या भाड्याच्या खोलीचे महिन्याला १२ हजार, ताडपत्र्यांची बिलं, भिजून फुगलेलं प्लायचं कपाट. नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत हेही विचारलं जातं, म्हणून ताडपत्रीची फाटकी बिलंसुद्धा जपा.

ग्राहक आयोगात जाता येईल. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे ठाण्यातच, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची, आणि ती मी तरी २० मे २०२५पासूनच मोजेन, म्हणजे वाद नको. कायद्यात लिहिलंय की तपासणीची गरज नसेल तर तक्रार तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा. हे वाक्य वाचून घरच्यांना तारीख सांगू नका. समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५, एवढंच सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२०मध्ये पक्कं केलं. त्यापुढच्या तारखा कधी सदस्याची जागा रिकामी म्हणून, कधी वेळ नाही म्हणून पडतात. पंधरा दिवसांच्या छपराला दोन-तीन वर्षांचा निकाल, हे मी पुष्कळदा पाहिलंय. म्हणून नोटिशीनंतर तो बसून हिशेब करायला तयार झाला, तर थोडं कमी घेऊन मोकळं होण्यात कमीपणा नाही.

शेजारचे पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्या म्हणतात, ते राहू द्या. अर्धं छप्पर घातलेल्या माणसाचा सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता, हे दाखवणं अवघड आहे.

वाशी-नेरूळकडून वरच्या मजल्यावरच्या गळतीबद्दल लिहिणाऱ्यांनी मात्र ही सूचना स्वतः पाठवू नये. गच्ची सोसायटीची, दुरुस्तीची जबाबदारी सोसायटीची, करारही सोसायटीचा. तुम्ही सोसायटीला लिहा, ठेकेदाराला सोसायटी लिहील.

ताई, पत्राच्या शेवटच्या पानावर, जाता जाता, तुम्ही म्हटलंय की जुनं सागाचं आढं, वासे आणि अंगणात रचलेली मंगलोरी कौलं ठेकेदार जूनमध्येच टेम्पोत घालून घेऊन गेला. इस्टिमेटमध्ये याबद्दल अक्षर नाही. मग तो माल तुमचाच होता. त्या ढिगाचा एखादा फोटो असेल तर शोधा, कोळीवाड्यातल्याच एखाद्या जुन्या सुताराकडून लाकडाची किंमत लिहून घ्या, आणि त्या दोन ओळींखाली तिसरी ओळ म्हणून तो हिशेबही मागा.