अकूस्टिक गिटार आणि मँडोलिनसाठी चांगला पिक कसा निवडायचा? महागड्या पिकने खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की वर्षभर गिटारवर ०.६० मि.मी. जाडीचा पिक (तारा छेडायची छोटी चपटी पट्टी) वापरला, काही अडलं नाही. पण मँडोलिन हातात घेतल्यापासून सुराच्या आधी प्लॅस्टिकची टकटक ऐकू येते. ती टकटक तुम्हाला ऐकू येतेय, म्हणजे निम्मं काम झालं. बरेच जण तिला तारांचा दोष समजून तारा बदलतात, मग ब्रिजकडे (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीकडे) संशयाने बघतात आणि शेवटी वाद्यच विकायला काढतात. मीही तारांपर्यंत पोचलो होतो.

पातळ पिक तारेला टेकला की आधी स्वतः वाकतो आणि तार सुटताना फटकन सरळ होतो. टकटकीतला बराचसा भाग त्या फटक्याचा असतो. जोर लावला तर तो आणखी वाकतो, आवाज मात्र त्या मानाने वाढत नाही. गिटारवर मोकळे कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर) झोडताना हाच दोष कामाला येतो: सहाही तारांवरून पिक अलगद घसरतो, कुठलीच तार एकटी बोंबलत नाही. त्यामुळे गाण्याला साथ करायला तुमचा ०.६० उत्तम आहे, फेकू नका. मँडोलिनचं गणित वेगळं. तारेची लांबी साधारण ३५ सें.मी., म्हणजे गिटारच्या जेमतेम निम्मी. शिवाय प्रत्येक सुराला दोन तारा जोडीने. हाताला ती जोडी कडक लागते. तिच्यापुढे पातळ पिकच मान तुकवतो. तिथे १.२ ते १.५ मि.मी. घ्या. पहिले दोन-तीन दिवस बोटांत नाणं धरल्यासारखं वाटेल, नंतर सवय होते. गिटारवर एकेका तारेवर धून वाजवायची असेल तर १ मि.मी.च्या आसपास सुरुवात करा. जिप्सी जॅझ या गिटारप्रधान शैलीत वाजवणारे तर ३.५ मि.मी.चे पिकही सर्रास वापरतात. पहिल्यांदा असा पिक पाहिला तेव्हा मला वाटलं, हा कुठल्या तरी यंत्राचा सुटा भाग असावा.

जाडी पाकिटावर छापलेली असते म्हणून सगळे तिच्यावरच बोलतात. माझ्या मते आवाजाचा खरा निकाल कडेवर लागतो. साध्या पिकची कड नखाने तपासून बघा. पत्र्यातून ठोकून काढल्यामुळे किंवा साच्यातून आल्यामुळे तिथे बारीक खरखर किंवा रेघ असते. ती तारेवर घासते. जाड तारांवर, म्हणजे वरून बारीक तारेचं वेटोळं घातलेल्या तारांवर, तर चक्क खर्र आवाज येतो. महाग पिकमध्ये पैसे मोजायचे ते बहुतेक याच कामाचे: कड उतरती घासलेली आणि काचेसारखी गुळगुळीत केलेली. अशी कड तारेवरून निसटते, अडकत नाही.

हे घरी करून बघता येतं, आणि विकत घ्यायच्या आधी नक्की करा. सेल्युलॉइड किंवा अल्टेक्सचा (ही दोन्ही पिकची प्लॅस्टिकं) साधा जाड पिक घ्या. ४०० नंबरचा पॉलिश पेपर टेबलावर पालथा न घालता सुलटा ठेवा, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका आणि पिक तिरका धरून, वाजवताना धरता त्याच कोनात, टोकाची कड हलकेच ओढा. मग ८००, मग २०००. शेवटी जीन्सच्या मांडीवर पाच मिनिटं घासा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एकाच जातीचे दोन पिक घेतले, एक घासला आणि एक तसाच ठेवला, मग एकच धून दोन्हींनी वाजवून फोनवर रेकॉर्ड केली. वाजवताना फरक पुसट वाटला होता. हेडफोन लावल्यावर न घासलेल्या पिकची प्रत्येक तारेवरची कुरकूर मोजता आली. घासताना पाणी विसरू नका. सेल्युलॉइड चटकन पेट घेतं, त्याची कोरडी भुकटी उडवण्यात काही शहाणपणा नाही, आणि मशीनवर तर ते घासूच नका. नायलॉनच्या वाटेला जाऊ नका, त्याचे तंतू सुटतात आणि कड केसाळ होते.

किती तिरकं घासायचं ते तुमचा जुना पिकच सांगेल. वर्षभर वापरलेला तो ०.६० दिव्याखाली धरा. टोकाच्या एका बाजूची कड एका पृष्ठावर झिजलेली दिसेल, आणि पिक उलटा केला की दुसऱ्या बाजूची. एक खालच्या फटक्याची, दुसरी वरच्या. तुमचा हात तारेला कुठल्या कोनात भिडतो त्याचा हा नकाशाच आहे.

टोकाचं म्हणाल तर अणकुचीदार टोकाने आवाज धारदार, गोल टोकाने भरदार. नेहमीच्या पिकला, ज्या आकाराला ३५१ म्हणतात, टोक एकच असलं तरी दोन गोल खांदे असतात. आज रात्रीच पिक फिरवून खांद्याने मँडोलिन वाजवून बघा. अनेक मँडोलिनवाले आयुष्यभर तसंच वाजवतात. आवाज आवडला तर तुम्हाला गोल टोकांचा मोठा त्रिकोणी पिक हवाय हे फुकटात कळलं.

आता पदार्थ. सेल्युलॉइड सगळ्यांत जुनं; न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी'अँड्रिया यांनी १९२२ मध्ये त्याचे पिक बनवायला सुरुवात केली. आवाज उबदार, पण झिजतं लवकर. नायलॉन मऊ आणि लवचीक, स्ट्रमिंगला, म्हणजे कॉर्ड्स झोडायला, छान. डेलरिन हे प्लॅस्टिक, म्हणजे डनलॉप कंपनीच्या १९८१ च्या टॉर्टेक्स पिकचं घराणं, बोटांत घसरत नाही आणि टिकतं. मला अकूस्टिकवर ते थोडं कोरडं वाटतं, पण हा माझा कान. अल्टेक्स कडक, उजळ आणि चिवट. साध्या किमतीत मँडोलिनसाठी मी तेच सुचवीन, डनलॉपच्या प्राइमटोन मालिकेत तर ते घासलेल्या कडेसह मिळतं. केसीन म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेलं. आवाज सुंदर, पण घामाने आणि पाण्याने वाकडं होऊ शकतं. पाकिटावर ‘टॉर्टॉइज’ लिहिलं असेल तर ती फक्त नक्षी. खरं कासवाचं कवच हॉक्सबिल या समुद्री कासवाचं, आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या करारानुसार बंदी आहे. कुणी ‘जुना साठा’ म्हणून देऊ केलं तरी घेऊ नका. धातूचे पिकही नकोत. तारांचं वेटोळं खातात.

किमतीत सगळ्यांत वर ब्लूचिपसारख्या कंपन्यांचे पिक. एका पिकच्या पैशांत तारांचे दोन-तीन संच येतील. ब्लूचिपच्या पिकच्या नावातला आकडा इंचाच्या हजाराव्या भागात असतो: क्रिस थिली या मँडोलिनवादकाच्या नावाचा सीटी ५५ म्हणजे १.४ मि.मी. माझ्याकडे एक आहे. फरक पडतो का? पडतो. कड वर्षानुवर्षं तशीच राहते आणि तारेवर जवळजवळ चाहूल लागत नाही. पण न घासलेल्या साध्या पिकवरून घासलेल्या साध्या पिकवर जाताना जेवढी उडी जाणवली, तेवढी तिथून ब्लूचिपवर जाताना जाणवली नाही. शिवाय तो गिटारच्या पोटात पडला की जो घाम फुटतो तो वेगळाच. गिटार पालथी धरून हलवताना शेजारच्या खोलीतून ‘काय चाललंय?’ अशी विचारणा झाली आहे.

म्हणून तुमच्यासाठी क्रम असा लावीन: आधी ०.६० चा खांदा वाजवून बघा, मग अल्टेक्सचे १.० आणि १.४ असे दोन पिक आणून एक घासा, आणि महिनाभर मँडोलिनवर त्यांच्याशिवाय दुसरं काही वापरू नका. त्यानंतरही कान काही मागत असेल तर महागडा घ्या. तोपर्यंत जाडी आणि टोक कुठलं हवं ते पक्कं झालेलं असेल. घेताना एक बघा: त्यांतल्या काहींची कड उजव्या हाताच्या कोनातच उतरवलेली असते. तुम्ही डावखुरे असाल तर डाव्या हाताचा वेगळा मागवावा लागतो, नाहीतर उतार नेमका उलट्या बाजूला येतो आणि टकटक परत सुरू.