वाचक विचारतात : मस्करॅट आणि बीव्हर

प्रश्न : उत्तर अमेरिकेतल्या दलदलींवरच्या माहितीपटात पाण्यातला काड्यांचा ढीग दाखवून ‘हे मस्करॅटचं घर’ असं सांगितलं. मस्करॅट म्हणजे लहान बीव्हरच का? पाणी गोठल्यावर तो काय करतो?

उत्तर : नाही. दोघेही कुरतडणारे प्राणी, पण मस्करॅटचं जवळचं नातं व्होल नावाच्या उंदरांशी आहे. वजन जेमतेम एक ते दीड किलो. बीव्हर वीस किलोच्याही पुढे जातो. लांबून वजनाचा अंदाज फसतो, म्हणून शेपटी बघावी. बीव्हरची वल्ह्यासारखी आडवी, रुंद. मस्करॅटची लांब, खवल्यांची, दोन्ही बाजूंनी चपटी, म्हणजे उभ्या पट्टीसारखी. पोहताना ती डावी-उजवीकडे वळवळताना दिसते. चिखलात पावलांच्या मधून शेपटीची रेघ उमटते.

ओठ पटाशीच्या दातांच्या मागे मिटत असल्यामुळे तोंडात पाणी न जाता तो पाण्याखालीच देठ कुरतडतो. एका दमात पंधरा मिनिटंही बुडून राहू शकतो. मागच्या बोटांच्या कडांना ताठ केसांची झालर असते. पाणी मागे रेटायला तिचाच उपयोग. आतली दाट लव पाणी कातडीपर्यंत पोचू देत नाही.

ढीग पाणकणीस, लव्हाळे आणि चिखलाचा असतो. झाडांचे ओंडके दिसले तर घर बीव्हरचं समजावं. आतली खोली पाण्याच्या वर, कोरडी. दार मात्र पाण्याखाली. मस्करॅट हिवाळी झोप घेत नाही. बर्फाखालून पोहत जाऊन तो मुळं, कंद खातो. त्यासाठी चार ते सहा फूट पाणी उत्तम. उथळ पाणी तळापर्यंत गोठलं की दार बंद होतं, अन्न तुटतं. उघड्यावर आला की मिंक हा मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी टपलेलाच असतो.

प्रश्न : युरोपात त्याला उपद्रवी का मानतात?

उत्तर : फरसाठी 1905 मध्ये प्रागजवळ आणून सोडले, तिथून पसरले. उभ्या काठाला तो घर न बांधता बीळ करतो. पाणी चढलं की खोली आणखी वर खणतो. असं करता करता वरचा मातीचा थर पातळ होतो आणि बांध खचतो. नेदरलँड्समध्ये बरीचशी जमीन समुद्रसपाटीखाली. तिथे सापळे लावून त्यांना पकडतात ते याच कारणाने.