उन्हाने माणूस आळशी होतो का?

प्रश्न : उष्ण प्रदेशातली माणसं आळशी आणि थंड प्रदेशातली कष्टाळू, हे इतक्यांदा कानावर पडतं की खरंच वाटू लागतं. हवामानाने स्वभाव घडतो का?

उत्तर : भूगोलाच्या उत्तरपत्रिकांत हे वाक्य हमखास यायचं आणि मी न चुकता गुण कापायचो. पोरांचा तरी काय दोष म्हणा, या मताच्या पाठीशी भलीभली मंडळी आहेत. माँतेस्क्यू या फ्रेंच विचारवंताने मेंढीची अर्धी जीभ गोठवली आणि भिंगातून पाहिली. थंडीने जिभेवरचे बारीक उंचवटे आक्रसले होते. तेवढ्यावरून थंड मुलखातल्या माणसांच्या संवेदना बोथट असतात, असं त्याने १७४८ मध्ये छापून टाकलं. त्याच्या कितीतरी आधी ॲरिस्टॉटलने थंडीतले शूर पण बुद्धीने कमी, आशियातले हुशार पण नेभळट आणि मधले ग्रीक सर्वगुणसंपन्न, अशी वाटणी करून ठेवली होती. स्वतः ग्रीक होता, वेगळं सांगायला नकोच!

परिसराचा परिणाम होतो, पण बराचसा पोटापाण्याच्या कामातून. भातखाचरांना पाणी देणारा पाट सामाईक असतो. वरच्याने पाणी अडवलं की खालच्याचं खाचर कोरडं. लावणीला शेजाऱ्याचे हात लागतात, त्याच्याशी वाकडं घेऊन भागत नाही. गहू बहुधा घरच्या माणसांत उरकतो.

चीनमध्ये उत्तरेला गहू, दक्षिणेला भात. तिथल्या शहरांत संशोधकांनी कॉफीच्या दुकानांत वाटेत खुर्च्या आडव्या लावून ठेवल्या. खुर्ची सरकवून जाणारे उत्तरेत जास्त निघाले. दक्षिणेतले अंग चोरून निघून गेले. (उत्तरेतही बहुतेकांनी अंगच चोरलं, हेही सांगायला हवं.) हा अभ्यास २०१८ चा. या गिऱ्हाइकांपैकी कितीजणांनी खाचरात पाय घातला असेल? वळण घरातून आलेलं.

कुणी म्हणेल, फरक हवेचाच कशावरून नाही? त्याचं उत्तर २०२४ मध्ये मिळालं. चीनच्याच निंगशिया प्रदेशात दोन सरकारी शेतं आहेत, हवा जवळपास सारखी. माणसं सरकारने नेमलेली, एकीकडे भात, दुसरीकडे गहू. तरी भातवाले 'मी'पणात कमी आणि परक्यापेक्षा मित्राला झुकतं माप देणारे निघाले.

राहिला आळस. कडक उन्हात राबलं की शरीर तापतं, म्हणून शहाणा माणूस पहाटे आणि दिवस कलल्यावर काम करतो, दुपारी आडवा होतो. शेरा मारणारा मात्र नेमका दुपारीच येतो.